जुन्या घरातील वायरिंगची तपासणी : पावसाळ्यापूर्वीचे एक राहून गेलेले काम



या पानावर आपण दरवेळी बेणे, खत, पाणी आणि कीड यांविषयी बोलतो. यावेळचा विषय उसाचा नाही, ऊस पिकविणाऱ्याच्या घराचा आहे. तो का घ्यावासा वाटला ते आधी सांगतो.

गेल्या पंधरवड्यात सुरू लागणीतील खोडकिडीची पाहणी करायला बोदलकसा भागात जाणे झाले. उन्हाचा तडाखा जबर. १९१७ साली बांधलेल्या बोदलकसा तलावाच्या बाजूने परतताना एका सभासदाच्या घरी पाणी प्यायला थांबलो. घर जुने, भिंती मातीच्या, वर कवेलू. खिडकीत पत्र्याचा कूलर सुरू होता. खाटेवर बसता बसता मी कूलरवर हात टेकणार, तोच घरच्या आजीबाई ओरडल्या, "साहेब, कुलरले हात नोका लावू, करंट मारते!"

मी विचारले, "केव्हापासून?"

आजीबाई म्हणाल्या, "दोन उनारे झाले. पाणी भरतानी चप्पल घालतो ना आमी."

दावणीतला बैल मारका आहे, जरा लांबून जा, असे आल्यागेल्याला सांगावे तशा सहजतेने त्यांनी हे सांगितले. पण मारका बैल निदान दाव्याला बांधलेला असतो. कूलरमधला करंट मोकळाच होता, आणि घरात चार वर्षांची नात अनवाणी खेळत होती.

दुसऱ्या दिवशी त्या सभासदांनी तिरोड्याहून परवानाधारक तारतंत्री बोलावला. माझा मोह आवरला नाही म्हणून मीही गेलो. दीड तासात जे सापडले ते असे : सगळ्या घरात अर्थिंगची तारच नव्हती, बोर्डावरचे तिसरे भोक नुसते शोभेला होते. कूलरच्या पंपाची वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती. किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याच्या तारेचा पीळ होता. न्हाणीघराच्या दिव्याचा स्विच न्यूट्रलवर होता, म्हणजे बटण बंद केले तरी होल्डर जिवंत. आणि माळ्यावर, जिथे धानाची पोती ठेवतात तिथे, उंदरांनी वायरचे वरचे आवरण कुरतडलेले होते.

यातली एकही गोष्ट त्या एकाच घराची नाही. आपल्या भागातील दहा जुनी घरे पाहिली तर बहुतेकांत यातले दोन-तीन दोष तरी सापडतील. म्हणून हा लेख.

तपासणी एकदाच होते, घर मात्र वाढत जाते

घराला वीजजोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिला, मीटर बसले, दिवा लागला की आपण समजतो काम संपले. नियम मात्र तसे म्हणत नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांमध्ये ४६ वा नियम होता. वीज चालू असलेल्या प्रत्येक जागेची पुन्हा तपासणी जास्तीत जास्त ५ वर्षांच्या आत व्हावी, असे त्यात सांगितले होते. पुढे २००३ चा विद्युत कायदा आला आणि २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षिततेचे विनियम केले, त्यांतही ५ वर्षांची मर्यादा कायम राहिली. २०२३ मध्ये या विनियमांचा नवा संच आला. मुळातला विचार तोच आहे : वायरिंग एकदा पास झाले म्हणजे जन्मभर पास झाले, असे नाही.

पण घरोघरी येऊन कोणी तपासील, अशी वाट पाहत बसू नये. मीटरपर्यंतची लाइन वीज कंपनीची आणि मीटरच्या आतले सगळे आपले, हे पक्के लक्षात ठेवावे. आतल्या दोषाने अपघात झाला तर भोगणारेही आपणच असतो.

मधल्या काळात घर किती बदलले ते पहा. पूर्वी दोन बल्ब, एक पंखा आणि एक रेडिओ एवढ्यासाठी वायरिंग झाले. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट नसावेत आणि एकूण भार ८०० वॅटच्या आत असावा, असा भारतीय मानक संस्थेच्या वायरिंगच्या संहितेचा दंडक. आज त्याच वायरवर फ्रिज २०० वॅट, कूलर २००, टीव्ही १००, मिक्सर ५०० आणि इस्त्री १००० वॅट. एकत्र सुरू झाले तर भार २००० वॅट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. दोन बैलांच्या गाडीत ट्रॅक्टर-ट्रॉलीचा ऊस भरला तर आख मोडणारच. वायरचा आख मोडताना आवाज होत नाही, ती आत तापत राहते. आवरण कडक होते, तडकते, आणि एखाद्या रात्री वाळलेल्या लाकडी पट्टीला ठिणगी लागते.

आपल्याच भागातले एक उदाहरण कोणी विसरलेले नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० बालके दगावली, ७ वाचविता आली. चौकशीत विजेच्या उपकरणातील बिघाडाकडे बोट दाखविले गेले. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. घरांसाठी असा आदेश कोण काढणार? तो घरच्या कर्त्या माणसानेच काढायचा असतो. देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. त्यांत तारेवरचे कामगार थोडे, तुमच्या-आमच्यासारखी घरात-शेतात वावरणारी माणसेच पुष्कळ.

फ्यूज माणसाला वाचवीत नाही

हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. "आमच्याकडे एमसीबी बसविला आहे, काही भीती नाही," असे पुष्कळ सभासद सांगतात. फ्यूज असो की एमसीबी, दोन्ही वायर जळू नये म्हणून असतात.

साधा हिशेब करू. विजेचा दाब २३० व्होल्ट. ओल्या अंगाच्या, अनवाणी माणसाचा रोध साधारण १००० ओहम धरा. भागाकार केला तर त्याच्या अंगातून जाणारा प्रवाह ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर येतो. हृदय बंद पडायला ५० मिलिअँपिअरही पुरे होऊ शकतात. आणि आपला सर्वांत लहान एमसीबी ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा. माणूस चिकटून पडला तरी एमसीबीच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. त्याला वाटते, कुठे तरी एखादा लहान बल्ब लागला आहे.

माणसाला वाचविणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली चांगले अर्थिंग आणि दुसरी गळती पकडणारा स्विच. या स्विचला बाजारात ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात.

आरसीसीबीचे काम गुराख्यासारखे समजा. सकाळी चाळीस ढोरे रानात गेली, संध्याकाळी चाळीसच परत यायला हवीत. एकोणचाळीस आली तर गुराखी तिथेच थांबतो. फेजच्या तारेतून जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलच्या तारेतून परत यायला हवा. कमी आला, तर मधला प्रवाह कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत चालला आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढ्या फरकावर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घराची वीज तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा, १०० किंवा ३०० चा घेऊ नये. त्यावर एक टेस्ट बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पहावे, स्विच पडला तर ठीक. किंमत म्हणाल तर दुकानाप्रमाणे अर्धा ते एक टन उसाच्या आसपास. एवढे तर एका पावसात गाडीवाटेला सांडते.

अर्थिंग आणि आपली जमीन

आता अर्थिंग. कूलरच्या पत्र्याला फेजची तार लागली आणि पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल, तर प्रवाह जमिनीकडे धावतो. खड्ड्याचा रोध ५ ओहम असेल तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअरचा प्रवाह होतो आणि ६ अँपिअरचा फ्यूज लगेच उडतो. पण खड्डा कोरडा पडून रोध ५० ओहम झाला असेल तर प्रवाह फक्त ४.६ अँपिअर. फ्यूज उडत नाही आणि पत्रा जिवंतच राहतो. (समजायला सोपे जावे म्हणून तारेचा आणि डीपीकडील अर्थिंगचा रोध येथे सोडून दिला आहे.) म्हणजे अर्थिंग नावाला असणे आणि कामाला येणे यात फरक आहे.

इथे आपल्या जमिनीचा संबंध येतो. उसाच्या लागणीसाठी मोरांड आणि खरडी यांतला फरक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला समजतो. तीच गोष्ट अर्थिंगला लागू. काळी, ओल धरणारी जमीन असेल तर अर्थिंग चांगले लागते. बरडीत, मुरमात ते उन्हाळ्यात जवळजवळ निकामी होते. आणि कूलर तर उन्हाळ्यातच चालतो. गावठाणे बहुधा उंचवट्यावर, बरड जागेवर वसलेली, कारण चांगली जमीन बांधीसाठी ठेवायची. म्हणून आपल्याकडे या बाबतीत जास्त दक्षता हवी.

मानक पद्धतीप्रमाणे किमान ४० मिलिमीटर व्यासाचा, २.५ मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप उभा गाडावा. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यावेत. खड्डा घराच्या भिंतीपासून किमान १.५ मीटर दूर घ्यावा. वर नरसाळे व छोटे झाकण ठेवावे आणि मार्च ते जून आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतावे. न्हाणीच्या सांडपाण्याच्या बाजूला खड्डा घेतला तर ओल आपोआप राहते. हापशाच्या किंवा नळाच्या पाइपला अर्थिंग बांधण्याची चूक मात्र करू नये. दोष आला तर पाणी भरणाऱ्या बाईच्या हातात करंट येतो.

दुसरी एक वाईट खोड म्हणजे थ्री-पिनच्या अर्थिंगच्या भोकाला न्यूट्रलची तार जोडणे. टेस्टरने पाहिले तर सगळे ठीक दिसते. पण खांबावर न्यूट्रल तुटला की घरातला फ्रिज, कूलर, मिक्सर सगळ्यांच्या पत्र्यात एकदम करंट येतो. अर्थिंगची तार वेगळीच हवी, हिरव्या रंगाची.

आपण स्वतः काय पहावे

खालील पाहणीला कोणतेही अवजार लागत नाही. मेन स्विच बंद करून, दिवसाच्या उजेडात करावी.

१. ज्या ज्या लोखंडी वस्तूला "थोडा करंट येतो" असे घरात कोणी म्हणते, ती वस्तू त्याच दिवशी बंद करावी. थोडा करंट असा काही प्रकार नसतो. हात कोरडा होता म्हणून तो थोडा वाटला.

२. किटकॅट काढून पहावे. आत फ्यूजची बारीक तार आहे की केबलच्या तारेचा पीळ आहे?

३. लाकडी पट्टीवरचे किंवा कापडी आवरणाचे जुने वायरिंग बोटाने हलकेच वाकवून पहावे. आवरणाचा भुगा पडला तर ते पूर्ण बदलण्याशिवाय उपाय नाही. चिकटपट्टी लावून भागत नाही.

४. कवेलू फुटून पाणी गळते त्या जागी बोर्ड किंवा वायर आहे का? पावसाळ्यात ओल्या भिंतीवर हात लावला की झिणझिण्या येतात का?

५. धान, कडबा, सरपण ठेवतो तिथून उघडी वायर जाते का? उंदीर लागले आहेत का?

६. कपडे वाळविण्याची तार लोखंडी आहे का, आणि तिचे एक टोक मीटरच्या खांबाला किंवा सर्व्हिस वायरच्या आधाराला बांधले आहे का? ती आजच काढावी, नायलॉनची दोरी बांधावी.

७. घराला नवीन खोली किंवा माडी चढविली असेल तर वरून जाणारी लाइन किती जवळ आली? साध्या दाबाच्या तारेचे घरापासून अंतर वर २.५ मीटर आणि बाजूने १.२ मीटर तरी हवे. ११ हजाराची लाइन असेल तर वर ३.७ मीटर हवे. कमी असेल तर छतावर चढणे बंद करून वीज कार्यालयाला लेखी कळवावे.

८. पाणी तापविण्याची उघडी कॉइल वापरत असाल तर प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. कूलरमध्ये पाणी भरतानाही आधी प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही.

कुठली कामे आपण करू नयेत

दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून, दाखला असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करून घ्यावे, असा कायदा आहे. "आमचा पुतण्या सगळे करतो" हे म्हणणे अपघातानंतर कोणी ऐकून घेत नाही. तारतंत्र्याकडून तीन गोष्टी मोजून घ्याव्यात : मेगरने आवरणाचा रोध (५०० व्होल्टवर किमान १ मेगाओहम यावा), अर्थिंगचा रोध, आणि प्रत्येक प्लगमध्ये फेज, न्यूट्रल, अर्थ योग्य जागी आहेत की नाही. आकडे कागदावर तारखेसह लिहून घ्यावेत आणि तो कागद सातबाऱ्याबरोबर जपून ठेवावा. पुढच्या वेळी तुलना करता येते.

घरातून वायर ओढून रानडुकरांसाठी कुंपणात करंट सोडण्याचा प्रकारही इथेच सांगितला पाहिजे. नागझिऱ्याच्या लगतच्या आपल्या गावांत डुकरांचा त्रास खरा आहे, उसाची नासाडी मी डोळ्यांनी पाहतो. पण त्या तारेवर डुकरापेक्षा आपलाच सालदार, आपलाच शेजारी पहाटे पाण्याला जाताना पडतो. नागभीडजवळ एप्रिल २०१७ मध्ये श्रीनिवास नावाचा वाघ अशाच तारेने मेला. हा गुन्हा आहे, त्याला कोणताही बचाव नाही. क्षणभराचा झटका देऊन थांबणारे सौर कुंपण वेगळे. त्याची माहिती वन विभागाकडे मिळते.

दुर्दैवाने प्रसंग आलाच तर

चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. तो दूर असेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने वायर बाजूला करावी. श्वास बंद असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरजोरात, मिनिटाला शंभरच्या वर दाब देत रहावे आणि १०८ ला फोन करावा. जमिनीत पुरणे, शेण लावणे यात मोलाची मिनिटे जातात. लाइन तुटली असेल तर १९१२ वर कळवावे आणि कोणालाही जवळ जाऊ देऊ नये.

शेवटी माझ्या घरचे

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी तारतंत्र्याला मी माझ्या घरी नेले. वडिलांच्या वेळचे वायरिंग आहे. किटकॅट उघडले तर आत तिहेरी तार. दिवाळीत फ्यूज सारखा उडत होता म्हणून ती मीच गुंडाळली होती, आणि विसरून गेलो होतो. फ्यूज उडतो तेव्हा तो काही तरी सांगत असतो. मी त्याचे तोंड बांधून ठेवले होते. आता वायरिंगचा एक भाग बदलला आहे, आरसीसीबी बसविला आहे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याचे काम मुलाकडे दिले आहे.

बोदलकसा येथील त्या घरीही काम झाले. परवा पुन्हा गेलो होतो. आजीबाईंनी स्वतः कूलरवर हात ठेवून दाखविला आणि म्हणाल्या, "आता काइ नाइ मारत." तरी पाणी भरताना प्लग काढायचा आणि चप्पल घालायची, हे मी त्यांना पुन्हा सांगून आलो.

आपल्या तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याच तालुक्यात अर्थिंगच्या चार मीटर तारेअभावी कोणाचे घर उघडे पडू नये. मृग लागायच्या आत हे काम उरकावे. एकेकट्याने तारतंत्री बोलविणे जड जात असेल तर गावातल्या पाच-दहा सभासदांनी मिळून एक दिवस ठरवावा, म्हणजे येण्याजाण्याचा खर्च वाटला जातो. गट कार्यालयातील आमच्या शेतकी कर्मचाऱ्यांना सांगितल्यास ते दिवस ठरवायला मदत करतील.



आपला,
ऊस विकास अधिकारी